टाकीवरचा दिवा

माझं काम बघायचं.
सांबऱ्याच्या विमानतळावर, गच्चीत उभं राहून
किती लांबचं दिसतं ते तासातासाला लिहायचं.
यंत्र आहे तसं, पण पावसाळ्यात नेमकं
ते दुरुस्तीला हुबळीत असतं.
मग हे दोन डोळे, आणि भिंतीला चिकटवलेला तक्ता :

निलगिरीची रांग, चारशे मीटर.
मारुतीचं शिखर, नऊशे.
मोदग्याच्या वाटेवरची टाकी, रात्री तिचा दिवा, दीड हजार.

दिसेल ते लिही, माहीत आहे ते लिहू नको,
असं शिकवणारे हुद्दार सर रिटायर होऊन धारवाडला गेले.

आसळका लागल्या होत्या.
रात्रीचे दोन चाळीस, पाऊस आडवा.
निलगिरी ऐकू येत होती, दिसत नव्हती.
मारुती अंधारात.
पण पलीकडे, जिथं असायला हवा तिथंच,
पिवळट, थरथरता एक ठिपका.
चष्मा बनियनला पुसून पुन्हा बघितलं.
होता.

लिहिलं : एक पाच शून्य शून्य.
टॉवरमधून इराण्णानं तोच आकडा वर पाठवला
आणि ढगातून कुणीतरी म्हणालं, समजलं, उतरतोय.
आकड्याला कन्नड नसतं, मराठी नसतं,
त्याच्यासाठी कुणी पाटीला काळं फासत नाही.
तो सरळ पोचतो.

मालवाहू विमान. माणसं दोनच,
बाकी चौदा टन खोकी.
चाकं टेकल्याचं मी कानांनी मोजलं : उशिरा.
फार उशिरा.
मग ओल्या फरशीवरून परात सुटावी तसं
ते पाण्यावरून गेलं, गेलं,
कुंपणाची भिंत आली, भिंत राहिली नाही,
इंजिनांनी चिखल गिळला
आणि नंतर पुन्हा नुसता पाऊस.

मी बघतच होतो. तेच तर माझं काम.
तेव्हा टाकीवरचा दिवा हलला.
टाकीवरून खाली उतरला.
बांधावरून पळायला लागला.

लगमव्वा मुतगेकर, वय बासष्ट.
खाचराचा बांध फुटला म्हणून दोन वाजल्यापासून
बॅटरी तोंडात धरून चिखल थापत होती,
माझ्यापासून साडेपाचशे मीटरवर.
मोदग्यात साडेअकरालाच लाइट गेलेली.
टाकी रात्रभर काळी होती.

सातेरीची बंबगाडी रुतली. ती पोचली.
धाकटा पायलट आपसूक बाहेर पडलेला,
थोरला पट्ट्यात लोंबत होता.
हेदरबेडा, म्हणाली. मग, भिऊ नको लेकरा.
तो कोट्टायमचा, त्याला दोन्ही कळलं नाही,
बॅटरी कळली.
तिनं विळ्यानं पट्टा कापला.

बाराव्या दिवशी तो दवाखान्यात गेला.

दिल्लीहून तिघं आले.
काय दिसत होतं?
दिवा.
कुठला?
बाहेर बाकावर लगमव्वा बसली होती,
नवं लुगडं, गळ्यात पंचायतीची शाल.
ती कुणाला तरी विचारत होती, आत चहा मिळतोय काय.
मी म्हणालो, दिवा बरोबर होता.
जागा मी चुकीची लिहिली.
एकानं ते टाइप केलं. दुसऱ्यानं पंखा वाढवला.

दोन वेतनवाढी गेल्या.
कापणीला तिचा विळा खणकन वाजला :
मिक्सरचं पातं, कुण्या गोकाकच्या घरासाठी निघालेलं.
तिनं ते धुऊन मला आणून दिलं,
जणू माझंच काही सांडलं होतं.

आता पावसात, रात्री लिहिण्याआधी
मी फोन लावतो. ती ओरडत नाही, हे विशेष.
आक्का, बाहेर हाईस काय?
निजलोय की रे मी.
बॅटरी?
उशाशी हाय. सेल काढून ठेवलोय. लिही जा तू.

मी गच्चीच्या कठड्याशी जातो.
टाकीच्या दिशेला काहीतरी पिवळट आहे.
पेन उघडून
मी ते हलतंय का, याची वाट बघत उभा राहतो.